कडाक्याच्या थंडीत डिजिटल सिनेमा कॅमेरा कसा सांभाळावा

उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास चित्रीकरण करायचे ठरले की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती कॅमेरा गोठून बंद पडण्याची. वास्तविक चालू असलेला डिजिटल सिनेमा कॅमेरा सहजासहजी गोठत नाही. तो साधारण ५० ते १०० वॅट वीज खातो आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे त्याचा आतला भाग भोवतालच्या हवेपेक्षा बराच उबदार राहतो. थंडीत दगा देते ती बॅटरी, ताठर होतात त्या केबल, जड होतात त्या लेन्सच्या रिंगा. आणि सर्वांत जास्त नुकसान करते ते पाणी, जे काम संपल्यावर आपण कॅमेरा ज्या उबदार खोलीत नेऊन ठेवतो त्या खोलीच्या हवेतून येते.

म्हणून संपूर्ण कामाची आखणी एका विभागणीवर करावी. कॅमेरा, लेन्स, मॅटबॉक्स (लेन्ससमोरची, नको असलेला प्रकाश अडवणारी चौकट), ट्रायपॉड आणि फ्लुइड हेड (ट्रायपॉडवरचे, कॅमेरा संथपणे फिरवणारे डोके) हा गट एकदा थंड झाला की दिवसभर थंडच राहू द्यावा. बॅटऱ्या, रिकामी मीडिया कार्डे आणि लेन्सची फोकस रिंग मोटरने दुरून फिरवणाऱ्या वायरलेस फोकसचे हँडसेट यांसारख्या छोट्या वस्तू हा दुसरा गट, जो कधीही पुरता थंड होऊ द्यायचा नाही. या दोन गटांमधली सीमा जितक्या कमी वेळा ओलांडली जाईल तितकी उपकरणे सुरक्षित राहतील. चहाच्या सुट्टीत कॅमेरा प्रेमाने आत आणणारा आणि सुट्टी संपताच पुन्हा बाहेर नेणारा सहायक त्याची जेवढी हानी करतो, तेवढी दिवसभर बाहेर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याची थंडी करत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रत्येक कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत तो कोणत्या तापमानात चालवावा याची मर्यादा दिलेली असते, ती आधी वाचावी. अनेक सिनेमा कॅमेऱ्यांसाठी ही मर्यादा ० ते ४० अंश अशी असते. आरी या कंपनीच्या अलेक्सा मिनीसारख्या कॅमेऱ्यांसाठी ती उणे २० ते ४५ अंश आहे. शून्याची मर्यादा असलेला कॅमेरा उणे १ अंशाला बंद पडतो असा याचा अर्थ नाही. त्या रेषेच्या खाली निर्मात्याची हमी संपते आणि आपली जबाबदारी सुरू होते, एवढाच त्याचा अर्थ. कॅमेरा चालवण्याची मर्यादा आणि तो बंद अवस्थेत साठवण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही पाहून ठेवाव्यात, कारण रात्रभर बाहेर ठेवायचे की नाही हा निर्णय दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असतो.

येथे वाऱ्याविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. हवामानाच्या अंदाजात ‘जाणवणारे तापमान’ म्हणून जो आकडा देतात, तो माणसाच्या उघड्या त्वचेसाठी असतो. हवा उणे १५ अंश असेल तर वारा कितीही सुटला तरी बंद कॅमेरा वाऱ्यामुळे उणे १५ च्या खाली जात नाही. तो त्या तापमानाला लवकर पोहोचतो, इतकेच. मात्र चालू कॅमेऱ्याने आणि खिशातून काढलेल्या बॅटरीने धरून ठेवलेली ऊब वारा झपाट्याने काढून नेतो, त्यामुळे उपकरणांसाठीही आडोसा शोधणे व्यर्थ नसते.

तयारीचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे प्रत्यक्ष चाचणी. गोठवलेले अन्न साठवणारी शीतगृहे साधारण उणे १८ अंशांवर चालतात. अशा ठिकाणी परवानगी घेऊन कॅमेरा, लेन्स, फोकस मोटर आणि मॉनिटर जोडलेल्या अवस्थेत तीन-चार तास ठेवून चालवून पाहिले, तर उपकरणे भाड्याने देणाऱ्यांना नेमके काय बदलून मागायचे हे कळते. एवढे जमले नाही तर घरातला फ्रीझरही उपयोगी पडतो. त्याचेही तापमान जवळपास तेवढेच असते. प्रत्येक प्रकारची एकेक केबल पिशवीत बंद करून रात्रभर त्यात ठेवावी आणि सकाळी बाहेर काढताच हलक्या हाताने वाकवून पाहावी. जी कडकडते ती केबल सोबत नेऊ नये. ही चाचणी फुकट आहे आणि तरीही क्वचितच केली जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीतला द्रव थंडीत घट्ट होत जातो, त्यातून आयनांची ये-जा मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे बॅटरीतून मिळणारी एकूण ऊर्जा कमी होते. उणे २० अंशांच्या आसपास काम असेल, तर एरवी लागणाऱ्या बॅटऱ्यांच्या किमान दुप्पट बॅटऱ्या धरूनच हिशेब करावा आणि बॅटऱ्या जुन्या असतील तर तिप्पट. दुसरा परिणाम जास्त फसवा आहे. भार पडताच व्होल्टेज एकदम खाली येते. कॅमेऱ्याच्या मागे अडकवतात त्या नेहमीच्या व्ही-माउंट बॅटरीचे नाममात्र व्होल्टेज १४.४ असते आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना किमान ११.५ व्होल्ट तरी लागतात. थंड बॅटरीच्या दर्शकावर निम्म्याहून अधिक ऊर्जा शिल्लक दिसत असतानाही कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग सुरू करताच व्होल्टेज या रेषेखाली जाऊ शकते आणि कॅमेरा क्षणात बंद होतो. चालू असलेली क्लिप अशा वेळी अपुरी राहण्याचा धोका असतो.

यावर उपाय सरळ आहेत. कॅमेऱ्यातील कमी व्होल्टेजची सूचना नेहमीपेक्षा थोडी वर लावून ठेवावी, म्हणजे बॅटरी बदलायला पुरेसा अवधी मिळतो. बॅटरीवरच्या टक्केवारीपेक्षा व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विश्वास ठेवावा. मॉनिटर, वायरलेस ट्रान्समीटर आणि फोकस मोटर यांचा भार कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर टाकलेला असेल तर शक्य तेवढा भार वेगळ्या बॅटरीवर न्यावा. दोन बॅटऱ्या एकाच वेळी लावता येणारी हॉट-स्वॅप प्लेट असेल तर ती अवश्य वापरावी. तिच्यामुळे कॅमेरा बंद न करता बॅटरी बदलता येते आणि त्याची ऊब टिकून राहते.

बॅटऱ्या ठेवण्यासाठी जाड थर्मोकोलची किंवा अन्न-औषधे थंड ठेवण्यासाठी मिळते तशी उष्णतारोधक पेटी घ्यावी. थंडी आत राखणारी पेटी ऊबही तितकीच राखते. तिच्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली तर बॅटऱ्या बराच काळ चालण्याजोग्या उबदार राहतात, मात्र पिशवीचे बूच पक्के आहे ना हे पाहावे. रासायनिक हँड वॉर्मर वापरत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यांतील लोखंडाच्या भुकटीला तापण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून हवाबंद डब्यात ते काही वेळाने विझतात. आणि ते बॅटरीच्या अंगाला थेट चिकटवू नयेत, मध्ये कापडाचा थर असावा. लहान बॅटऱ्यांसाठी जॅकेटचा आतला खिसा सर्वांत उत्तम, फक्त त्याच खिशात किल्ल्या किंवा नाणी ठेवू नयेत आणि बॅटरीच्या टर्मिनलवर टोपी असावी, कारण तेथे शॉर्टसर्किट झाले तर ते अंगालगत होते.

थंडीने ‘संपलेली’ बॅटरी बहुतेक वेळा संपलेली नसते. ती पेटीत परत ठेवून ऊब मिळाली की पुन्हा काही काळ चालते. म्हणून वापरलेल्या बॅटऱ्यांचे दोन भाग करावेत: थंडीने थकलेल्या आणि खरोखर रिकाम्या. रंगीत टेपची एक पट्टी लावली की गोंधळ होत नाही.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. शून्य अंशाखालच्या लिथियम-आयन बॅटरीला चार्ज करू लागल्यास लिथियम धातूच्या रूपात ऋणाग्रावर साचू लागते. तिची क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका वाढतो. बाहेरून आणलेली बॅटरी हाताला उबदार लागली तरी तिचा गाभा थंड असू शकतो, म्हणून खोलीच्या तापमानाला काही तास राहू देऊनच ती चार्जरला लावावी. सध्या तळावर वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या मोठ्या पॉवर स्टेशनलाही हाच नियम लागू आहे: त्यातून वीज घेणे थंडीत बऱ्याच अंशी चालते, पण ते शून्याखाली चार्ज करायचे नाही.

कॅमेरा एका जागी उभा असेल तर मोठी बॅटरी उष्णतारोधक पेटीत ठेवून तिच्यापासून केबल काढणे सोयीचे असते. अशा वेळी केबलची लांबी आणि व्होल्टेज यांचा हिशेब करावा. ८० वॅटचा कॅमेरा १४.४ व्होल्टवर सुमारे ५.५ अँपिअर प्रवाह घेतो, तर २८ व्होल्टवर तीन अँपिअरहूनही कमी. प्रवाह निम्मा झाला की केबलमध्ये वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते. अलेक्सा मिनीसारखे काही कॅमेरे ११.५ पासून ३४ व्होल्टपर्यंतचा पुरवठा स्वीकारतात. आपला कॅमेरा असा पुरवठा स्वीकारत असेल तर लांब केबलसाठी २४ किंवा २८ व्होल्टचाच स्रोत घ्यावा.

लहान उपकरणांत डबल ए सेल लागत असतील तर अल्कलाइन सेल घेऊ नयेत. त्यांच्यातला द्रव पाण्यावर आधारित असल्याने थंडीत ते लवकर ढेपाळतात. त्याच आकाराचे, रिचार्ज न होणारे लिथियम सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात. ते महाग असले तरी टाइमकोडच्या पेटीसाठी (चित्र आणि आवाज जुळवता यावेत म्हणून वेळेची खूण देणारे उपकरण) तो खर्च मला योग्य वाटतो, कारण ती पेटी बंद पडल्याचे पुष्कळदा संकलनाच्या टेबलावरच लक्षात येते. विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात; १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॅट-तासांच्या सुट्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची संमती लागते आणि त्या प्रत्येकी दोनच नेता येतात. थंडीसाठी संख्या वाढवायची असल्याने ९८ वॅट-तासांच्या बॅटऱ्या घेणे म्हणूनच व्यवहार्य ठरते.

दव आणि पाणी

या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो समजून घ्यायला थोडे भौतिकशास्त्र पुरते. २० अंश तापमानाची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. उणे २० अंशांची हवा जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे कडाक्याच्या थंडीतली हवा मुळात अतिशय कोरडी असते आणि तिच्यात कॅमेरा सुरक्षित असतो. याउलट २० अंश तापमानाच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीचा दवबिंदू साधारण ९ अंश असतो. ९ अंशांहून थंड असलेली कोणतीही वस्तू त्या खोलीत आणली की तिच्यावर दव जमणारच. उणे २० अंशांना दिवस काढलेल्या कॅमेऱ्याचा जड धातू ९ अंशांपर्यंत चढायला कित्येक तास घेतो आणि तेवढा सगळा वेळ हवेतले पाणी त्याच्यावर, आणि पंख्याच्या जाळीतून आत शिरून त्याच्या सर्किट बोर्डांवर, जमत राहते. लोक जेवायला बसतात, अंगावरच्या ओल्या कपड्यांची वाफ खोलीत भरते, आणि दवबिंदू आणखी वर जातो.

म्हणून आत आणण्यापूर्वी, बाहेरच्या थंड हवेत असतानाच, कॅमेरा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. ‘बाहेरच’ हा शब्द येथे निर्णायक आहे. दारातून आत आल्यावर पिशवी बांधली तर आपण खोलीतली दमट हवाच तिच्यात कोंडतो. पिशवीतली जास्तीची हवा दाबून काढावी, सिलिका जेलच्या कोरड्या पुड्या आत टाकाव्यात आणि तोंड टेपने नव्हे तर घट्ट पीळ देऊन दोरीने किंवा रबराने बांधावे, कारण थंडीत टेप चिकटत नाही. मग दव जमते ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला. ते पुसून टाकले तरी चालते, पण पिशवी मात्र आतली वस्तू खोलीइतकी उबदार होईपर्यंत उघडू नये. लहान लेन्ससाठी यास दोन-तीन तास लागू शकतात. कॅमेऱ्यासाठी आणि मोठ्या झूमसाठी रात्रभर थांबणे उत्तम. बंद पेटीत ठेवलेली लेन्स आणखी सावकाश तापते, कारण पेटीचा फोम उष्णतेला अडवतो. शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरने ही प्रक्रिया लवकर उरकण्याचा प्रयत्न करू नये. काच आणि धातू वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात आणि चिकटवलेल्या भिंगांच्या जोडावर त्याचा ताण पडतो.

पिशवी बांधण्यापूर्वी मीडिया कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी. हे विसरले तर एकतर डेटा उतरवण्यासाठी रात्रभर खोळंबावे लागते, नाहीतर कोणीतरी अधीर होऊन पिशवी उघडते. कार्डे छोट्या झिपच्या पिशवीत घालून अंगालगतच्या खिशात ठेवली की ती अर्ध्या तासात वापरण्याजोगी होतात.

दिवसा दोन-तीन वेळा आत-बाहेर करणे टळतच नसेल, उदाहरणार्थ एकाच प्रसंगात घराचा आतला भाग आणि अंगण दोन्ही असेल, तर आतली सर्व दृश्ये आधी आणि बाहेरची नंतर घ्यावीत. थंडीकडे जाताना वेळ वाया जात नाही, उबेकडे येताना जातो. हे दिग्दर्शकाला आणि निर्मिती व्यवस्थापकाला वेळापत्रक ठरण्याआधीच समजावून सांगणे हे कॅमेरा विभागाचे कर्तव्य आहे. दोन कॅमेरे परवडत असतील तर एक आतला, एक बाहेरचा, हा सर्वांत निर्धोक मार्ग.

उबेतून थंडीत जाताना धोका कमी असला तरी शून्य नसतो. लेन्सच्या आत कोंडलेली दमट हवा थंड होते आणि आतल्या भिंगांवर धुके जमू शकते. पेटी बंद ठेवूनच बाहेर न्यावी, तासभर तशीच राहू द्यावी आणि मग उघडावी. बर्फ पडत असेल तर हे अधिकच आवश्यक आहे. उबदार कॅमेऱ्यावर पडलेला बर्फ वितळतो, फटींत शिरतो आणि पुन्हा गोठतो. थंड पृष्ठभागावर पडलेला कोरडा बर्फ मऊ ब्रशने झटकला की निघून जातो. कॅमेरा चालू असताना त्याचे अंग उबदारच राहणार, त्यामुळे बर्फात त्याच्यावर आच्छादन हवेच.

भिंगावर बसलेला बर्फ तोंडाने फुंकून कधीही उडवू नये. श्वासातली वाफ लगेच काचेवर गोठते आणि तो थर काढणे कठीण जाते. रबरी ब्लोअर आणि ब्रश वापरावा. डाग पुसायचा असेल तर अल्कोहोलवर आधारित द्रव घ्यावा, जो या तापमानाला गोठत नाही. कॅमेरा चालवणाऱ्याने नाक-तोंडावरचा मफलर असा बांधावा की श्वास खालच्या बाजूने बाहेर पडेल, नाहीतर व्ह्यूफाइंडर सतत अंधुक होतो. काही व्ह्यूफाइंडरमध्ये आयपीस किंचित तापवण्याची सोय असते; ती सकाळपासूनच चालू ठेवावी. निरभ्र रात्री समोरचे भिंग आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होते आणि त्याच्यावर दहिवर धरते. खगोल छायाचित्रकार दुर्बिणीभोवती गुंडाळतात ती तापणारी पट्टी अशा वेळी लेन्सभोवती बांधावी.

लेन्स आणि फोकस

लेन्सच्या फोकस आणि झूम रिंगांखालचे वंगण थंडीत घट्ट होते. हाताने फिरवताना ते जाणवते, पण वायरलेस मोटर ते निमूटपणे सहन करत राहते आणि मग एखाद्या क्षणी अडते. मोटरचा जोर वाढवावा आणि तिचे कॅलिब्रेशन, म्हणजे रिंगेची दोन टोके मोटरला ओळखू देणे, लेन्स थंड झाल्यानंतरच करावे. उबदार खोलीत करून आणलेले कॅलिब्रेशन येथे निरुपयोगी ठरते, कारण घट्ट रिंग टोकाला पोहोचल्याचा चुकीचा अंदाज मोटर बांधू शकते. अनेक आठवडे अतिथंड प्रदेशात काम असेल तर अधिकृत लेन्स तंत्रज्ञाकडून वंगण बदलून घेता येते. फिल्मच्या काळापासून ही पद्धत आहे. मात्र असे पातळ वंगण नेहमीच्या हवामानात रिंगा सैल करते, म्हणून परतल्यावर ते पुन्हा बदलावे लागते. आठवड्याभराच्या कामासाठी हा खटाटोप करण्यापेक्षा मुळातच हलक्या फिरणाऱ्या लेन्स निवडाव्यात आणि मोठे झूम शक्यतो टाळावेत असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न फोकसच्या खुणांचा. पीएल माउंटमध्ये (सिनेमा लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याचा एक प्रचलित जोड) माउंटच्या पृष्ठभागापासून संवेदकापर्यंतचे अंतर ५२ मिलिमीटर असते. हे सगळे अंतर अल्युमिनियमचे आहे असे धरले, तर तापमान ४० अंशांनी उतरल्यावर ते सुमारे ०.०५ मिलिमीटरने आकसेल. प्रत्यक्षात माउंट अनेकदा पोलादाचे असते, कॅमेरा आतून उबदार असतो आणि लेन्सचे नळकांडेही आकसते, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येतो. पण हे अंतर, म्हणजे बॅकफोकस, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात तपासले जाते हे लक्षात घेतले तर वाइड लेन्सच्या रिंगेवरील खुणा थंडीत का चुकतात ते कळते. म्हणून फोकस पुलरने (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाने) त्या दिवशीच्या तापमानात, कॅमेरा अर्धा तास चालू राहिल्यानंतर, प्रत्येक लेन्सची अनंताची खूण आणि दोन-तीन अंतरे मॉनिटरवर तपासून घ्यावीत आणि हँडसेटमध्ये नवी लेन्स-नोंद करावी.

कॅमेरा चालू ठेवावा

दोन शॉटमध्ये वीज वाचवण्यासाठी कॅमेरा बंद करण्याची सवय थंडीत सोडून द्यावी. चालू कॅमेरा स्वतःला उबदार ठेवतो, संवेदकाचे तापमान स्थिर राहते, आणि पुन्हा सुरू होण्याचा वेळ वाचतो. वाचवलेल्या बॅटरीपेक्षा हे अधिक मोलाचे आहे. सकाळी सुरू केल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे; रेड कंपनीच्या कॅमेऱ्यांप्रमाणे ज्यांत ब्लॅक शेडिंग (लेन्स झाकून संवेदकाचा काळा रंग जुळवून घेणे) करावे लागते, त्यांत ते या स्थिर अवस्थेतच करावे.

कॅमेऱ्याभोवती जाड अस्तराचे जॅकेट घालतात, ज्याला विभागात बार्नी म्हणतात. ते उपयुक्त आहे, पण हवा आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे मार्ग त्याने झाकले जाता कामा नयेत. कडाक्याच्या थंडीतही पूर्ण गुंडाळलेला कॅमेरा आतून तापून बंद पडू शकतो. त्याच वेळी भुरभुरणारा बर्फ पंख्यातून आत ओढला जाणार नाही अशा बेताने जाळीसमोर आडोसा करावा. वाऱ्याची दिशा बदलली की हा आडोसाही बदलावा लागतो आणि त्यासाठी एका सहायकाकडे जबाबदारी असावी.

एलसीडी मॉनिटरमधले द्रव स्फटिक थंडीत मंदावतात, त्यामुळे हलत्या दृश्याला शेपूट आल्यासारखे दिसते आणि फोकस तपासणे अवघड होते. ओएलईडी व्ह्यूफाइंडरला हा त्रास होत नाही. मॉनिटर सतत चालू ठेवला तर तोही स्वतःच्या उष्णतेने सावरतो. टचस्क्रीन हातमोज्यांनी चालत नाही, म्हणून फॉल्स कलर (रंगांनी प्रकाशाची पातळी दाखवणे), पीकिंग (फोकसमधल्या कडा ठळक दाखवणे), मॅग्निफिकेशन यांसाठी बटणे आधीच नेमून ठेवावीत.

केबल, ट्रायपॉड, मीडिया

पीव्हीसीचे आवरण थंडीत ठिसूळ होते. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे आवरण बरेच लवचीक राहते. केबलची घडी उबेत घालावी आणि उबेतच सोडावी, गोठलेल्या अवस्थेत तिला वळण देऊ नये. न वापरलेल्या प्रत्येक कनेक्टरला टोपी असावी, कारण आत शिरलेला बर्फ वितळून गोठला की पिना वाकतात. गिंबलवर (मोटरच्या साहाय्याने कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण) ताठर केबल आणखी एक अडचण करते: ती कॅमेऱ्याला एका बाजूला ढकलत राहते आणि मोटरवर विनाकारण भार येतो. तोल साधण्याचे आणि मोटर ट्यून करण्याचे काम म्हणून बाहेरच, सर्व केबल जोडून करावे.

चांगली व्यावसायिक फ्लुइड हेड उणे ४० अंशांपर्यंत वापरण्यासाठी बनवलेली असतात, तरी पहिल्या पॅनपूर्वी ती सर्व दिशांना दहा-वीस वेळा फिरवून मोकळी करावीत. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून भुसभुशीत बर्फात दाबू नयेत. खाली जाताना ते आणखी फाकू पाहतात आणि सांध्यावर येणाऱ्या ताणाने पाय मोडू शकतो. थोडे मिटलेले ठेवून दाबावेत, किंवा खाली बर्फावर पसरणारी रुंद तबके लावावीत. पायांच्या जोडांत पाणी गेले असेल तर रात्री ते उघडून कोरडे करावेत, नाहीतर सकाळी ते जागचे हलत नाहीत. गॅफर टेपवर विसंबू नये. वेल्क्रोचे पट्टे आणि दोरी सोबत असावी.

फ्लॅश मीडिया चालू असताना तापतो, त्यामुळे कॅमेऱ्यातील कार्ड फारसे अडत नाही, मात्र सामान्य प्रतीच्या कार्डांची मर्यादा बहुधा ० अंशांपासून सुरू होते, म्हणून रिकामे कार्ड खिशातूनच थेट कॅमेऱ्यात जावे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बाहेर कधीच चालवू नयेत. उंच पर्वतांवर आणखी एक कारण जोडले जाते: साध्या हार्ड डिस्कचे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगते, आणि बहुतेकांची मर्यादा सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच असते. तेथे बॅकअप एसएसडीवरच घ्यावा. कोरड्या हवेत स्थिर विद्युत सहज साठते, म्हणून कार्ड हाताळण्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करून घ्यावा.

हात

गारठलेली बोटे लेन्स पाडतात, स्क्रू आडवे बसवतात आणि कनेक्टर जबरीने ढकलतात. उणे २० अंशांच्या धातूला उघडे हात लावू नयेत. किंचित ओलसर त्वचा त्याला चिकटते. आत पातळ हातमोजे आणि वर जाड मिटन (चारही बोटे एकत्र झाकणारे हातमोजे) ही जोडी सर्वांत सोयीची असते, कारण बारीक कामासाठी मिटन काढले तरी त्वचा उघडी पडत नाही. मॅटबॉक्सचे लिव्हर, ट्रायपॉडचे हँडल आणि प्लेटच्या कडा यांवर उबेत असतानाच कापडी टेप गुंडाळून ठेवावी. ठरावीक वेळाने सहायकांची पाळी बदलावी. कोणी स्वतःहून हात गारठल्याचे सांगेल याची वाट पाहू नये.

दिवस संपताना

शेवटच्या शॉटनंतरची घाई हीच बहुतेक अपघातांची वेळ असते, म्हणून क्रम आधी ठरलेला असावा. कॅमेरा रीतसर बंद करून पंखा थांबू द्यावा. कार्ड आणि बॅटरी काढावी, बर्फ ब्रशने झटकावा, सर्व टोप्या लावाव्यात. मग कॅमेरा आणि प्रत्येक लेन्स वेगवेगळ्या पिशवीत, बाहेरच, बंद करावी. दुसऱ्या दिवशीही बाहेरच काम असेल, रात्रीचे तापमान साठवणुकीच्या मर्यादेत असेल आणि कुलूपबंद, बर्फ न शिरणारी जागा मिळत असेल, तर पिशव्यांसकट सर्व सामान थंड जागेतच ठेवणे मी पसंत करेन. तेवढी खात्री नसेल तर पिशव्या आत आणून शेगडीपासून दूर, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांवर उघडण्याची वेळ लिहून ठेवावी. सकाळी पिशवी उघडल्यावर माउंटच्या कडा, पंख्याची जाळी आणि कनेक्टर यांच्यात ओल आहे का ते विजेरीच्या प्रकाशात पाहावे. ओल दिसली तर कॅमेऱ्याला बॅटरी लावू नये. नव्या सिलिका जेलसह तो पुन्हा पिशवीत बंद करून आणखी काही तास राहू द्यावा आणि तोवर दुसऱ्या कॅमेऱ्यावर काम सुरू करावे.